खापरातला डोळा

माझा भाऊ कित्तॉस आयुष्यात एकदाच गावाच्या तोंडी आला, आणि तोही माझ्यापायी. नाहीतर त्याला विचारतंय कोण? अथेन्सच्या कुंभारवाड्यात त्याच्यासारखे कुंभार पायलीचे पन्नास. ठेंगणा, रुंद खांद्यांचा, नखांत कायम माती, आणि तोंडाची टकळी अशी की गिऱ्हाइकानं भाव करायचंच विसरावं. त्याची बायको पहिल्याच बाळंतपणात गेली. पुढं मी विधवा झाले, तेव्हा तो माझ्या सासरी आला, माझी पेटी डोक्यावर घेतली, माझ्या लेकीला, हेदिलेला, कडेवर घेतलं आणि म्हणाला, "चल लिसे, मला चाक फिरवायला माणूस हवंच आहे." माझ्या दुःखावर एवढं एकच वाक्य बोलला. तेव्हा मला संताप आला होता. आता येत नाही.

आमच्याकडे दोन कामं चालायची. तेलाचे कमरेच्या वर येणारे रांजण, आणि डोळे. गडाच्या दक्षिण उतारावर अस्क्लेपिऑसचं देऊळ आहे, रोग बरे करणाऱ्या देवाचं. ज्याचं जे दुखतं ते मातीचं करून तिथं वाहायचं. पाय दुखला तर पाय, कान दुखला तर कान. आमच्या गावच्या धुळीमुळं सगळ्यात जास्त खप डोळ्यांचा. दादानं हजारो डोळे केले असतील. बुबुळाला तो काळा रंग लावायचा, आणि तो रंग एकदा भट्टीत भाजला की जन्मात जात नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा.

डोळे करता करताच त्याच्या डोक्यात ते खूळ शिरलं.

"हे बघ," हातातला ओला डोळा वर धरून तो म्हणायचा, "वीस वर्षं मी हे करतोय, पण माझ्या डोळ्याला पापणी मिटता येत नाही. माशी बसली तर बसली. तुझा डोळा? माशी यायच्या आत दार बंद! तुला कळायच्या आत! धूळ गेली तर आतून पाणी येतं आणि धुऊन काढतं. हे कुणी केलं?"

"आईनं."

"आईला पापणी बसवता येत होती?"

"आईला तोंड मिटून काम करता येत होतं. हात चालव."

"अगं, मातीचा ढीग माळ्यावरून शंभर वेळा खाली पाड. एकदा तरी आपोआप रांजण होईल का? मग हा डोळा आपोआप कसा होईल? कुणीतरी डोकं असलेला कारागीर असणारच."

मी चाकाशी बसून चाक फिरवायची, आणि तो माती वर ओढता ओढता मला छळायचा.

"चाक कोण फिरवतं, लिसे?"

"मी. कंबर माझीच जाते."

"तुला कोण फिरवतं?"

"तू. सकाळपासून डोकं खाऊन."

"आणि मला?"

"तुझं पोट."

"पोटाला?"

"दादा, माती सुकतेय!"

"सुकू दे. प्रत्येकाला मागून कुणीतरी ढकलतंय ना? असं मागं मागं गेलं, तर कुठंतरी एक पहिला असणार. सगळ्यांना हलवणारा, पण ज्याला कुणी हलवत नाही असा. तो नसता तर हे चाक फिरलंच नसतं. तो देव."

इथवर ठीक होतं. पण गिऱ्हाईक समोर उभं असताना तो पुढचंही बोलायचा. म्हणे, देवाला दाढी कुणी बघितली? रांजणाला बोलता आलं असतं तर तो म्हणाला असता की माझ्या कुंभारालाही दोन कान आणि हे एवढं पोट आहे. म्हणे, ज्याला काही कमी नाही तोच देव, आणि ज्याला कमी नाही तो आपण वाहिलेला कोंबडा घेऊन काय करणार? म्हणे, देव चांगला आहे, आणि जो चांगला आहे तो कुणाचं वाईट करत नाही, म्हणून देवाला भिऊ नये. मी मागून त्याला चिमटा काढायची. असल्या बोलण्यापायी आमच्या गावानं माणसांना विषाचा पेला पाजलेला आहे. पण सांगणार कुणाला? पालथ्या घड्यावर पाणी.

हेदिले सहा वर्षांची असताना तिचे डोळे आले. डोळे येणं नवीन नाही, पण हे वेगळं होतं. पू येई, पापण्या चिकटत, पोर रात्रंदिवस ओरडे. दादानं दोन दिवस दुसरं काही न करता तिच्यासाठी एक डोळा घडवला. तसा डोळा त्यानं त्याआधी केला नव्हता आणि नंतरही नाही. तो डोळा आणि कोंबडा घेऊन मी देवळात गेले, पोरीला घेऊन तीन रात्री तिथं निजले. उजवा डोळा वाचला. डावा दह्यासारखा पांढरा झाला.

घरी आल्यावर मी दादाच्या पुढ्यात उभी राहिले. "विचार तुझ्या त्या कारागिराला. एवढं चांगलं दार बसवलं, मग आतला दिवा का विझवला?"

त्यानं चाकावरचे हात काढले.

"माहीत नाही," तो म्हणाला.

"दुनियेतलं सगळं माहीत असतं ना तुला?"

"हे नाही माहीत."

मला त्याला मारावंसं वाटलं. खोटं काहीतरी सांगितलं असतं तरी चाललं असतं.

त्यानंतरच्या वसंतातली गोष्ट. देवळाच्या फळ्या भरल्या की पुजारी जुने, फुटके डोळे-पाय काढतात आणि देवळाच्याच आवारात खड्डा करून पुरतात. एकदा वाहिलेली वस्तू देवाची, मग ती फुटली तरी देवाचीच. ती आवाराबाहेर न्यायची नाही. हे काम दर वर्षी आम्हा कुंभारांकडेच असतं. त्या वर्षी दादाला ताप होता, म्हणून मी गेले. नऊ टोपल्या पुरल्या. दहावी भरताना वरच मला तो दिसला. दादानं हेदिलेसाठी केलेला डोळा, मधोमध तडकलेला.

काय सांगू, माझं डोकंच फिरलं. काही उपयोगाचा नाही, आणि याला इथं मानानं पुरायचं? दहावी टोपली मी शालीखाली झाकली आणि घरी आणली.

घरी आमिनिआस तेलवाल्याच्या आठ रांजणांचं काम पडलं होतं. मोठ्या रांजणाच्या मातीत खापरांचा कूट घालावा लागतो, नाहीतर माती भट्टीत फुटते. कूट संपला होता. मी ती टोपली उखळात ओतली आणि मुसळ घेतलं. एकेक डोळा फुटत होता आणि मला बरं वाटत होतं, खोटं कशाला बोलू? पण रागात हात नीट चालत नाही. चाळणी न लावताच मी तो कूट मातीत ओतला. दादा बरा झाला, त्यानं त्याच मातीचे रांजण केले, भाजले, आमिनिआसच्या घरी पोचवले. त्याला काही ठाऊक नव्हतं.

चार महिन्यांनी आमिनिआस आमच्या दारात आला. बरोबर दोन शेजारी. तसा माणूस वाईट नव्हता. त्या दिवशी मात्र तोंड पांढरं पडलं होतं. त्यानं मुठीतून खापराचा तुकडा काढून दादासमोर धरला. रांजणाला चीर गेली होती, तो फुटला होता, आणि फुटलेल्या कडेतून एक काळं बुबुळ त्याच्याकडे बघत होतं. अंगठ्याच्या नखाएवढं. भोवती पांढरी कड, सगळं शाबूत.

"या रांजणातलं तेल मी देवीला वाहिलं," तो म्हणाला. "माझी आई आंधळी मेली, कित्तॉस. तिच्यासाठी मी तुझ्याकडूनच डोळा नेला होता. तो या रांजणात आहे का? सांग!"

दादानं तुकडा हातात घेतला. स्वतःच्या हातचं काम कुणाला ओळखू येत नाही? मग त्यानं माझ्याकडे बघितलं. माझं तोंड बघूनच त्याला सगळं कळलं असणार. त्यानं तुकडा परत दिला आणि म्हणाला, "दुकान माझं आहे. जे काय असेल ते माझं."

आमिनिआसनं फिर्याद लावली. कित्तॉस कुंभार देव मानत नाही, चारचौघांत तसं बोलतो, आणि म्हणूनच त्यानं देवाची वस्तू कुटून विकली. शिक्षा, विषाचा पेला.

मी दादाच्या पाया पडले. "मीच कुटलं असं सांग."

"बाईला कोर्टात उभं राहून बोलता येत नाही. तुझ्या वतीनं बोलणार मीच. आणि मग पेला तुझ्या हातात देतील. हेदिलेनं काय करायचं?"

"आणि तू गेलास तर आम्ही दोघींनी काय करायचं?"

यावर तो उठला आणि माती मळायला बसला.

खटला पंचांपुढं जायच्या आधी आमिनिआसनं निरोप पाठवला. एका खापरावरून माणसाचा जीव घ्यायला त्याचंही मन घेत नव्हतं. रिवाजाप्रमाणं त्यानं शपथेचं आव्हान दिलं. घरच्या बाईनं, म्हणजे मी, अपोलोच्या वेदीपुढं मुलीला शेजारी उभी करून शपथ घ्यायची की या घरात देवाची एकही वस्तू कुटली गेली नाही. मी शपथ घेतली की तो फिर्याद मागं घेणार.

सुटलो! मला पहिलं हेच वाटलं. दादाला म्हटलं, "मी घेते." तो हो म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही. तीन दिवस आम्ही एकमेकांशी मीठ-पाण्यापुरतं बोललो. आधीची मी असते तर हसत घेतली असती ती शपथ. देव रागावला तर कोंबडा द्यायचा, भागलं. पण या माणसानं वर्षानुवर्षं माझे कान भरले होते ना! ती पापणी, ते आतून येणारं पाणी, तो सगळ्यांच्या मागं उभा असलेला पहिला. आता मी भाकरी थापताना जरी खोटं मनात आणलं, तरी कुणीतरी बघतंय असं वाटायचं. खुद्द दादानंच माझी ही गत केली होती, आणि आता त्याचाच जीव माझ्या जिभेवर होता.

सकाळी वेदीपाशी गेलो. डुकराचे तुकडे करून मांडले होते, त्यांवर पाय ठेवून शपथ घ्यायची. आमिनिआस, त्याचे साक्षीदार, न्यायाधिकाऱ्याचा कारकून, सगळे हजर. हेदिले माझा हात धरून उभी. तिच्या एका डोळ्यानं ती त्या डुकराच्या मुंडक्याकडे बघत होती.

पुजारी म्हणाला, "बाई, माझ्यामागं म्हण. मी खोटं बोलत असेन तर माझा निर्वंश होवो."

मी म्हटलं.

"या माझ्या मुलीचं, हेदिलेचं, समूळ वाटोळं होवो."

तळपायाखाली ते मांस गार लागत होतं. मी दादाकडे बघितलं नाही, बघितलं असतं तर धीर सुटला असता. मी डोळे घट्ट मिटले, तोंड उघडलं, पहिला शब्द बाहेर आला.

"थांब!"

दादा पुढं आला, माझं मनगट पकडलं आणि मला त्या तुकड्यांवरून खाली ओढलं. "शपथ नाही," तो आमिनिआसला म्हणाला. "माझ्या दुकानात देवाचे डोळे कुटले गेले. खटला चालव."

मी तिथंच त्याच्या छातीवर बुक्क्या मारायला लागले. "मेल्या, काय केलंस? अक्कल कुठं गहाण टाकलीस? एक वाक्य उरलं होतं, एक!" लोकांनी मला बाजूला केलं. तो मात्र हेदिलेच्या पायाला लागलेलं रक्त आपल्या अंगरख्यानं पुसत बसला होता.

खटल्याच्या दिवशी पाचशे एक पंच बाकांवर बसले होते. आमच्यात आरोपी आपल्या बायकापोरांना मंचावर आणतो, त्यांनी रडायचं, पंचांना दया यावी म्हणून. मी आणि हेदिले मंचावर होतो. मला रडायला कुणी सांगायची गरज नव्हती.

आमिनिआस आधी बोलला. ते खापर त्यानं पंचांत फिरवलं. बाकाबाकावरून ते हातोहात जाताना काही जण ते हातात घ्यायलाच तयार होईनात. मग त्यानं दादाची बोलणी सांगितली. कोंबडा नको, दाढी नाही, देवाला भिऊ नका. आणि शेवटी वेदीवरची हकीकत. "स्वतःच्या तोंडानं कबूल केलं त्यानं!"

मग दादा. बोलायला वेळ किती, तर वरच्या मडक्यातलं पाणी खालच्यात गळून संपेपर्यंत. शहाण्या माणसानं माफी मागितली असती. हा माझा भाऊ आधी त्या मडक्याकडेच बघत राहिला, आणि मला कळलं की तोटी वाकडी बसवलीय हे त्याच्या मनात चाललंय. पाणी गळतंय, आणि हा तोटी बघतोय! मी खाकरले. तेव्हा कुठं त्यानं तोंड उघडलं.

"चूक माझ्या दुकानात झाली. ती मी नाकारत नाही. पण मी देव मानत नाही हे खोटं. मी डोळे करतो. तुमच्यातल्या अर्ध्यांनी माझ्याकडून नेलेत. त्यांना पापणी लावता येत नाही मला..."

आणि तो सुरू झाला. चाक, ढकलणारा, कारागीर. दुकानात ते ऐकायला बरं वाटायचं. तिथं ते कुणाला पोचेना. मागच्या बाकांवरून हसू आलं, कुणी ओरडलं, "मडकी वीक रे!" पाण्याची धार बारीक झाली, थेंब थेंब झाली, थांबली. त्याचं वाक्य अर्ध्यातच राहिलं. तो हात खाली सोडून उभा. संपलं सगळं, मी मनात म्हटलं, आणि हेदिलेचं तोंड पोटाशी दाबून धरलं.

तेवढ्यात तिसऱ्या बाकावरचा एक जाडा खारे मासे विकणारा उठून उभा राहिला. पंचांनी मध्येच ओरडायचं हे आमच्याकडे नवीन नाही. त्याचा आवाज बाजारात कमावलेला.

"ए आमिनिआस! हा देव मानत नाही म्हणतोस ना?"

"हो!"

"मग शपथेला घाबरला कशाला? देव न मानणाऱ्यानं बहिणीला खुशाल खोटी शपथ घेऊ दिली असती, आणि आज घरी बसून कांदे खाल्ले असते! जीव द्यायला तयार झाला, पण देवापुढं खोटं होऊ दिलं नाही. याच्याएवढं देवाला तुझ्यामाझ्यात कोण मानतं रे?"

मग बाकांवर जो गलका उठला तो आवरेना. आमिनिआस काहीतरी सांगत होता, त्याचे ओठच फक्त हलताना दिसत होते.

मतदान सुरू झालं. प्रत्येक पंचाकडे काशाच्या दोन चकत्या, मधोमध दांडी. पोकळ दांडी फिर्यादीची, भरीव दांडी आरोपीची. दांडीची दोन्ही टोकं बोटांत झाकून, कुणाला कळू नये म्हणून, खरं मत काशाच्या घड्यात टाकायचं आणि दुसरी चकती वेगळ्या घड्यात. पाचशे एक वेळा टण आवाज झाला. मग त्या चकत्या भोकांच्या फळीवर लावून मोजल्या. मी फळीकडे बघितलं नाही, दादाच्या मानेवरची शीर उडत होती तिच्याकडे बघत राहिले.

पोकळ, दोनशे सदतीस. भरीव, दोनशे चौसष्ट.

लोकांनी त्याला उचललं. मासेवाल्यानं त्याच्या पाठीत असा रट्टा घातला की तो खोकलाच. आमिनिआस जवळ आला, ते खापर दादाच्या हातात देऊन निघून गेला. दादानं आधी देवळात जाऊन ते आवारात पुरलं. उरलेले सात रांजणही परत आणून तिथंच पुरायचे असं त्यानं पुजाऱ्याला सांगितलं. मग आम्ही तिघं घराकडे निघालो.

माझ्या रागाला आता वाट मिळाली होती. "सत्तावीस मतं!" मी म्हटलं. "सत्तावीस मतांसाठी जीव पणाला लावलास. मासेवाला म्हणाला ते खरं असेल, तू मोठा देवभक्त. पण मला एक सांग. तूच म्हणायचास ना, देव चांगला आहे, तो कुणाचं वाईट करत नाही, सूड घेत नाही? मग माझ्या खोट्या शपथेनं काय होणार होतं? तुझ्याच हिशेबानं त्यानं आमचं काही वाकडं केलं नसतं!"

"तसंच म्हणायचो मी."

"मग थांबवलंस का?"

त्यानं हेदिलेकडे बघितलं.

"शपथेत पोरीचं नाव होतं, लिसे," तो म्हणाला. "माझं म्हणणं चुकलं असेल तर? एकच डोळा उरलाय तिचा."

हेदिले आमच्या पुढं चालली होती, आंधळी बाजू रस्त्याकडे करून. समोरून गाढवांची रांग येत होती. दादा झपाझप पुढं गेला, तिला भिंतीकडे घेतलं आणि स्वतः तिच्या डाव्या बाजूनं चालायला लागला.